नववीतले अर्धे राहिलेले भाषण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा आपल्या गटावर निरोप आला, तेव्हा सहलीबद्दल लिहावे की गॅदरिंगबद्दल, असा विचार करत होते. पण मनात एकच प्रसंग येत राहिला. १९९३ साली आपण नववीत होतो. वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता बॅरिस्टर नाथ पै : व्यक्ती आणि कार्य. मी भाषण घरून पाठ करून आले होते. जन्म, शिक्षण, बेचाळीसचा लढा इथपर्यंत गाडी सुसाट गेली. मग घटनादुरुस्ती विधेयक हे शब्द आले आणि पुढचे सगळे पुसले गेले. मी तशीच उभी राहिले. मागच्या बाकांवरून कोण हसले ते मला अजून आठवते, पण इथे नावे लिहीत नाही. बाईंनी मला खाली बसवले आणि नंतर स्टाफरूमबाहेर गाठून सांगितले की, पाठांतर विसरले याचे वाईट वाटून घेऊ नकोस. तो भाग तुला कळलाच नव्हता म्हणून विसरलीस, कळला की येऊन सांग.

बाई, सर आणि मित्रमैत्रिणींनो, बत्तीस वर्षे उशीर झाला आहे. राहिलेले भाषण आज लिहून पुरे करते. घंटा मात्र वाजवू नका.

सुरुवात मतदारसंघापासून करते, कारण आपल्या मुलांनी त्याचे नावही ऐकलेले नाही. आपण शाळेत होतो तेव्हा आपला लोकसभा मतदारसंघ राजापूर होता. नाव राजापूरचे असले, तरी तो खाली थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हा सगळा जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट, मध्ये खाड्या आणि सडे. पावसाळ्यात बोटी बंद, की विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरे गप्प. घरटी एक तरी पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या घरी कामाला, आणि गावचे घर मनीऑर्डरवर. या भागात दर हजार पुरुषांमागे बायकांची संख्या नेहमी हजाराच्या वर राहिली. म्हणजे निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहायच्या त्या मुख्यतः बायका आणि म्हातारी माणसे. आपला खासदार याच लोकांनी निवडला.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. मूळ नाव पंढरीनाथ. वडिलांचे छत्र फार लवकर हरपले. आई आणि थोरल्या भावंडांनी वाढवले आणि शिक्षणासाठी ते बेळगावला गेले. त्यामुळे आयुष्यभर त्यांची दोन गावे राहिली, वेंगुर्ले आणि बेळगाव. १९४२ च्या चले जाव आंदोलनात ते वीस वर्षांचे होते. पकडले गेले, तुरुंगात गेले. सुटल्यावर शिक्षण पुरे केले आणि कायदा शिकायला इंग्लंडला गेले. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले.

माझ्या नववीतल्या भाषणात हा भाग एका वाक्यात होता. आता परदेशात राहून आल्यावर वाटते की इथे थोडे थांबायला हवे होते. युरोपात असताना ते समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत काम करू लागले आणि १९५४ पासून १९६० पर्यंत त्या संघटनेचे अध्यक्ष होते. युद्धातून नुकत्याच उठलेल्या युरोपातल्या तरुणांनी आपला अध्यक्ष म्हणून वेंगुर्ल्याचा मुलगा निवडला होता. इंग्रजीबरोबर जर्मन आणि फ्रेंच त्यांना येत होते, संस्कृतचा व्यासंग होता, कोकणी तर घरचीच. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियातल्या. माझ्या वर्गमित्रांपैकी निम्मे आज जिथे स्थायिक आहेत, तिथे कायमचे राहण्याची सोय नाथ पैंना सत्तर वर्षांपूर्वी होती. त्यांनी उलटी वाट धरली. गोवा मुक्तीच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पडले आणि १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाकडून राजापूरमधून लोकसभेला उभे राहिले.

या निवडणुकीची एक गोष्ट मला माझ्या आजीकडून मिळाली आहे. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आपल्याकडे आली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. प्रजा समाजवादी पक्षाचे चिन्ह होते झोपडी. आजीला वाचता येत नव्हते. ती दोन डोंगर उतरून मतदानाला गेली आणि झोपडीच्या पेटीत चिठ्ठी टाकून आली. आजोबा मुंबईला होते, त्यांनी पत्रातून दुसरेच काही कळवले होते, असे ती हसत सांगायची. कुणाला मत द्यायचे हे घरात तिने एकटीने ठरवलेले ते पहिले काम असावे.

त्याच वर्षी १ एप्रिलला मुंबई राज्यात कुळकायद्याचा कृषक दिन आला. जी कुळे जमीन कसत होती ती कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानली गेली. आमचे घर कुळाचे. खोताची जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसली, वर अर्धे भात मोजून दिले. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा, पण जमिनीवर आपले नाव चढेपर्यंत कुणाचा विश्वास नव्हता. पुढे तलाठ्याकडून सातबारा हातात आला, तो आजीने देव्हाऱ्यात ठेवला होता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण मी जिथे अडखळले त्या विधेयकाचा आणि या सातबाऱ्याचा संबंध आहे. नववीत तो मला कुणी सांगितला असता, तर मी विसरले नसते.

१९५७ ला नाथ पै निवडून आले, १९६२ ला आले, १९६७ लाही आले. लोकसभेत त्यांच्या पक्षाचे बळ किती? १९५७ ला १९ जागा, १९६२ ला १२, १९६७ ला १३. पाचशेच्या सभागृहात एवढ्या लहान पक्षाला बोलायला मिनिटे मोजून मिळतात. मतांनी सरकार पाडता येत नाही, कुणाला धाक घालता येत नाही. हाती राहतो फक्त युक्तिवाद, आणि तो ऐकायला समोरचे लोक तयार असतील तरच. नाथ पै बोलायला उभे राहिले की सभागृह भरते, ही त्यांची ख्याती होती. परराष्ट्र धोरण, संरक्षण, राज्यघटना हे त्यांचे विषय. सरकारवर ते कडक टीका करत, पण समोरच्याचा पाणउतारा करत नसत. आणि दिल्लीतले बॅरिस्टर गावी आले की सभेत आपल्या माणसांच्या बोलीत बोलत. आजीला त्यांची सभा आठवायची. त्यातले सगळे कळले नाही, पण हा माणूस आपल्याला अडाणी समजून बोलत नाही एवढे कळले, असे तिचे म्हणणे होते.

कोकणासाठी त्यांची सर्वात मोठी मागणी रेल्वेची. संसदेत आणि बाहेर ते ती मांडत राहिले. त्यांच्या हयातीत रुळ किती पुढे आले? दिवा ते पनवेल १९६४ मध्ये, पनवेल ते आपटे १९६६ मध्ये. आपट्यापासून आपल्या गावाकडे तोंड केले तर पुढे सगळा डोंगरच.

आता विधेयक. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायाधीशांपैकी सहा एका बाजूला, पाच दुसऱ्या. खटला पंजाबातल्या जमिनीचा होता. एका कुटुंबाची जास्तीची जमीन कायद्याने काढून घेतली जात होती आणि त्या काळी मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता. न्यायालयाने सांगितले की, मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. आधी झालेल्या जमीनसुधारणांना धक्का लावला नाही. आमचा सातबारा शाबूत होता. पण पुढचा रस्ता बंद झाला. ज्या कुळांची नावे अजून लागायची होती, त्यांच्यासाठी पुढे घटनेत बदल करावा लागला तर तो करणार कोण?

नाथ पैंनी त्याच एप्रिलमध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणले. त्याचा गाभा साधा होता. घटनेच्या ३६८ व्या कलमाने ठरवलेली पद्धत पाळून संसदेला घटनेतल्या कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करता यावी. खासगी विधेयक म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेले. त्यासाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास राखलेले असतात, आणि स्वातंत्र्यापासून आजपर्यंत अशी फक्त चौदा विधेयके कायदा झाली आहेत. तरीही हे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, पुन्हा सभागृहात आले, त्यावर देशभर वाद झाला आणि ते नाथ पै विधेयक याच नावाने ओळखले गेले. बारा-तेरा सदस्यांच्या पक्षातला एक खासदार, आणि त्याने विचारलेला प्रश्न मात्र सगळ्या देशाचा होता : या देशात शेवटचा शब्द कुणाचा?

त्यांचे उत्तर, मला आज कळते त्याप्रमाणे, असे होते की शेवटचा शब्द लोकांचा, आणि लोक तो आपण निवडलेल्या संसदेतून बोलतात. हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण असेल? राजापूर मतदारसंघातून तीनदा निवडून आलेल्या माणसासमोर दोन डोंगर उतरून येणाऱ्या बायकाच असणार. ज्यांना सही करता येत नाही, पण पेटी ओळखता येते. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हाच त्यांना प्रश्न वाटत असला पाहिजे.

पण बाई, मी इंजिनिअर आहे. एखाद्याच्या हाती सगळ्या फाइली बदलायची परवानगी दिली की काय होऊ शकते, हे रोज पाहते. म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर भाषण पुन्हा पाठांतर होईल. नाथ पैंना हवा होता तो अधिकार २४ व्या घटनादुरुस्तीने नोव्हेंबर १९७१ मध्ये संसदेला मिळाला. चार वर्षांच्या आत आणीबाणी आली. विरोधी खासदार तुरुंगात असताना त्याच संसदेने ३९ वी दुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. गोलकनाथ प्रकरणातल्या न्यायाधीशांना जी भीती वाटली होती ती निराधार नव्हती. मधला मार्ग २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात निघाला होता. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा : संसद कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. आज आपण त्याच वाटेवर आहोत. नाथ पैंचा अर्धा मुद्दा मान्य झाला आणि अर्ध्याला कुंपण पडले.

मला विचाराल तर ते कुंपण हवेच होते. नाथ पै बरोबर होते की चूक, यावर मी बरीच वर्षे घुटमळले. ते संसदेला जसे मानत, तशी संसद असेल तर त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. त्यांनी आपल्यासारखीच माणसे तिथे बसतील असे धरले, ही त्यांची चूक म्हणता येईल. पण आजीच्या बाबतीत त्यांनी जे धरले होते, त्यात चूक नव्हती. १९७७ ला आणीबाणी उठवली ती अशाच न शिकलेल्या लोकांनी, रांगेत उभे राहून.

ते त्यांनी पाहिले नाही. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि मंजूर न झालेले विधेयक तिच्याबरोबर संपले. हृदयाचा आजार होताच. मुदतीआधीची निवडणूक तोंडावर होती. १७ जानेवारीला बेळगावात हुतात्मा दिन पाळतात. १९५६ मध्ये याच दिवशी सीमाप्रश्नाच्या आंदोलनात तिथे गोळीबार होऊन माणसे गेली होती. त्यासाठी नाथ पै बेळगावला गेले, सभेत बोलले आणि काही तासांतच, १८ जानेवारी १९७१ ला, हृदयविकाराने गेले. वय ४८. आपण आता त्या वयाच्या उंबरठ्यावर आहोत.

दोन महिन्यांत निवडणूक झाली. त्यांच्या जागी उभे राहिले मधू दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, कोकणात जन्मलेले नव्हेत. त्या वर्षी इंदिरा गांधींची लाट होती. महाराष्ट्रातल्या ४५ जागांपैकी ४२ काँग्रेसने जिंकल्या. राहिलेल्या तीनमध्ये राजापूर होते. पुढे दंडवते १९८९ पर्यंत सलग पाच वेळा आपल्या मतदारसंघातून निवडून आले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, नंतर रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी गाद्या आणल्या. जनता सरकारच्या काळातच, १९७८ मध्ये, ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला गेला. ज्या हक्कावरून गोलकनाथचा वाद पेटला होता, तो वाद तिथे शांत झाला. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झाले, तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते. पुढच्याच वर्षी ते राजापूरमधून हरले. लोकांनी तोही निर्णय स्वतःच घेतला.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. मी तेव्हा मुंबईत इंजिनिअरिंगला होते. सुरुवातीला एसटीने रात्रभर वळणे घेत, पिशवी तोंडाशी धरून जायचे. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत रेल्वेने घरी आले तेव्हा आजी स्टेशनवर आली होती. ती गाडीत चढून एका बाकावर बसून उतरली. तेवढेच तिला पुरे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मी पहिल्यांदा मत दिले, राजापूर मतदारसंघात. आजीच्या बरोबरच्या रांगेत.

आणि त्या मतदारसंघाचे शेवटी काय झाले? २००१ च्या जनगणनेवर नवी फेररचना झाली, २००८ पासून ती लागू झाली. आधी या किनाऱ्यावर कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर असे तीन मतदारसंघ होते. आता रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन. आपला एक खासदार कमी झाला. कुणी अन्याय केला असे मला आधी वाटले होते. मग आकडे पाहिले. जागा लोकसंख्येवर मिळतात, आणि इथली माणसे मुंबई-ठाण्याला गेली, तशा जागाही ठाण्याकडे वाढल्या. पुढच्या दहा वर्षांत, २००१ ते २०११ मध्ये, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या तर चक्क घटली. ज्या रेल्वेसाठी नाथ पै भांडले, तिच्यातून आपण गेलो. आपल्या वर्गातल्या ४१ जणांपैकी गावात सहा उरलेत, हे मेळाव्याची यादी करताना कळले. राजापूर मतदारसंघ कुणी खोडला, याचे उत्तर त्या यादीत आहे. माझे नावही त्यातच, पुण्याच्या पत्त्यासह.

हे लिहिताना मला कुणाला दोष द्यायचा नाही. आजोबाही मुंबईलाच होते. पण तेव्हा गावात आजी होती, तिचे मत होते, आणि त्या मताच्या जोरावर एक माणूस दिल्लीत उभा राहून देशाला प्रश्न विचारत होता. आज आमचे घर बंद आहे. सातबाऱ्यावर माझे नाव आहे, मतदार यादीत नाही.

यंदा मेळाव्याला दोन दिवस आधी येणार आहे. घर उघडायचे आहे, कौले बघायची आहेत. शाळेत वक्तृत्व स्पर्धा अजून होते असे कळले. सरांनी परवानगी दिली तर नववीच्या मुलांबरोबर तासभर बसेन, आणि घटनादुरुस्ती विधेयक हे शब्द आले की आधी सातबारा दाखवेन. बाई, कळले म्हणून सांगायला आले आहे. आता बसू का?